गार पडलेला ठोकळा

प्रिय विसरभोळे,

गेल्या खेपेला छत्री विसरलीस, त्याआधी चष्मा, आणि आता वाजणारा फोन उचलायचा असतो हेच विसरलीस! म्हणून हे पत्र. ते उचलावं लागत नाही, दाराखालून आपणच आत येतं. मला लिहिता येत नाही, तुला ठाऊकच आहे. मी सांगतेय आणि लिहिणारं माणूस समोर तोंड पाडून बसलंय. एक शब्द गाळायचा नाही, शेवटी शेजारीण मला सगळं वाचून दाखवणार आहे, असा दमही भरलाय.

तर ऐक. त्या दिवशी लॅपटॉपवर तू म्हणालीस, "बाबा, मी ऑफिस सोडलं. बेकरीत काम शिकतेय." आणि पडदा काळा! तुला वाटलं, बापानं रागानं झाकण आपटलं. त्याला वाटलं, लेकीनं उत्तराची वाटही न बघता बंद केलं. त्यानं दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस, मग तोही फुगून बसला. एका साच्यातून काढलेत गं तुम्हाला!

मी तेव्हाच सांगत होते. तुमच्या गप्पा चालतात तेव्हा मी टेबलाखाली चार्जरच्या त्या काळ्या ठोकळ्यावर पाय ठेवून बसते, छान शेकतात. त्या दिवशी तू पडद्यावर यायच्या आधीच तो गार पडत चालला होता. आणि त्या लॅपटॉपची बॅटरी माझ्यासारखी, चार पावलांत दमणारी. म्हटलं, "अरे, ठोकळा गार पडलाय." तर म्हणतो, "आई, तुझे पाय राहू देत आता!"

पुढे ऑफिसच्या कामाला लॅपटॉप उघडला, तर तो ढिम्म. तेव्हा कुठे दुकानात गेला. दुकानदारानं तपासून सांगितलं, ठोकळ्यातून वीजच येत नाही. पिन जुळवून नवा दिला आणि लॅपटॉप उजळला. जिन्यातूनच ओरडत आला, "आई, तिनं बंद केलंच नव्हतं!" मी म्हटलं, "तूही नव्हतंस केलं. ते तिला कोण सांगणार?" मग तो बसला तू टाकलेले बेकरीचे फोटो बघत. चहाचं पार पाणी झालं.

म्हणून त्यालाच लिहायला बसवलंय. अक्षर तू पाकिटावरच ओळखलं असशील. तो रागावलेला नाही गं, घाबरलाय. पहाटे उठणं, भट्टीची धग, हात भाजतील, हेच चाललंय त्याचं. हे लिहिताना त्यानं चष्मा पुसला. तेही लिही म्हटलं, लिहिलंय. आता फोन वाजला की उचल. आणि तुझ्या हातचा पाव पाठव. कडा त्याला, मऊ गाभा मला, दात कुठे उरलेत? पहिला करपलेला लपवून ठेवला असशील, तर आधी तोच पाठव.

तुझीच,
नव्या ठोकळ्यावर जेमतेम एक पाय मावणारी आजी