गटातली धाकटी

आई, तुझ्या गटातल्या त्या धाकटीचा मला अजून हेवा वाटतो. तू असताना हे तुला कधी सांगता आलं नाही.

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा आपण घाटकोपरच्या टेकडीवर राहत होतो. तू कारखान्यातल्या माणसांचे डबे करायला लागलीस. गल्लीतल्या तुम्ही पाच जणींनी गट केला, एकमेकींना जामीन राहिलात, आणि घरात सोनं नाही, जागेचा कागद नाही, तरी बँकेने कर्ज दिलं. तू मोठा स्टोव्ह आणलास, पातेली आणलीस. भाजी कुठली आणायची हेसुद्धा बाबांना विचारणारी तू, आता काहीच विचारेनाशी झालीस. मला ते फार आवडायचं.

मग धाकटीच्या नवऱ्याने तिचे पैसे दारूत घालवले. तिचा हप्ता थकला, आणि एकीचा थकला की पुढचं कर्ज कुणालाच नाही. बाकीच्या तिघी आपल्या दारात आल्या. "काढून टाक तिला. तिच्यापायी आमचीपण वाट लागेल." तू डाळ घोटत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "काढलंव तर जातली खंय ती? उद्यापासून माझ्या स्टोव्हावर रांधूं दे. हप्तो मी बघतंय."

दुसऱ्या दिवसापासून ती आपल्याकडे. मी दहावीला, उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली. आत तू तिचं मनगट धरून तिरफळं किती ठेचायची ते दाखवतेयस, बांगड्याच्या तिखल्यात पाणी कधी घालायचं ते सांगतेयस, आणि दोघी कशावरून तरी हसताय. तू असं हसतेस हे मला तोवर माहीतच नव्हतं. एकदा मी उठले, पळी घेतली. "मी पण करते ना." तू पळी काढून घेतलीस. "तुका चुलीकडे बसवूक मी एवढा रांधतंय काय गो?" ती बघत होती. मी म्हटलं, "मग तिलाच मुलगी करून घे." तू नुसतं मीठ घातलंस.

तिने सगळे हप्ते फेडले. गटाला दुसरं कर्ज मिळालं, त्यातून तुझा धंदा वाढला आणि मी कॉलेजात गेले. पुढे ऑफिसात लागले, पंख्याखाली खुर्ची मिळाली. हे सगळं त्या स्टोव्हावर शिजलं, हे मला कळतं. पण दिवसभर तुझ्या शेजारी बसायला मिळालं ते तिला.

तू गेलीस तेव्हा ती इतकी रडली की गावाहून आलेल्या, मला कधीच न पाहिलेल्या तुझ्या म्हाताऱ्या आत्याने तिलाच मुलगी समजून पाण्याचं भांडं दिलं. "आईच्या तोंडात घाल." तिने ते माझ्या हातात ठेवलं. "तू घाल गं." तिच्या त्या चांगुलपणाचाही मला राग आला.

आता कांजूरमार्गला तिची खानावळ आहे. परवा त्या बाजूला काम होतं, गेले. तिने समोर बसवून तिखलं वाढलं. पहिला घास थेट तुझ्या हातचा लागला. ती म्हणाली, "रविवारी ये ना, शिकवते तुला." मी म्हटलं, "बघते."

हे तुला पोचणार नाही म्हणून लिहिते. पोट भरलं होतं, तरी मी पुन्हा मागून घेतलं. छान झालंय, एवढं मात्र तिला म्हटलं नाही.