विषाणूच्या घराचं सेंटरिंग

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार (प्रयोगशाळेत लवंडायला जागा नाही, तेव्हा मनातल्या मनात). गुडघा काय म्हणतोय? मामी तेल लावतील तेव्हा कुरकुर करू नका. मी ठीक आहे, नोकरीचं तेवढं काही खरं नाही.

झालं असं. आम्ही इथे एका विषाणूचं कवच नळीत बांधतो. (तो माणसांच्या वाटेला जात नाही, जंतूंच्याच मुळावर उठतो, मामींना सांगा, पत्र वाचून हात धुवायची गरज नाही.) कवचाच्या विटा म्हणजे एक प्रथिन, आणि मदतनीस म्हणून त्यात दुसरं प्रथिन घालायचं. आता दिसेल ते पुसत सुटते म्हणून घरात मला फडकं म्हणतात, ते काय उगीच? तयार विषाणू तपासला तर त्यात हा मदतनीस औषधालाही सापडेना. मी म्हटलं, शेवटी जे नसतंच तो मळ असणार. तीन आठवडे कुणाला न विचारता मी तो घातलाच नाही.

मामा, काय सांगू! सूक्ष्मदर्शकात कुठे गुंडाळी, कुठे अर्धी वाटी, कुठे भलतंच बुटकं घर. बाई (आमच्या प्रमुख) ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी शांतपणे मदतनीस घालायला लावला आणि पुन्हा दाखवलं. शेकडो विटा, गवंडी एकही नाही, आणि घरं सगळी एका मापाची! जंतूच्या पोटात तर घर उभं राहिलं की हे मदतनीस भिंतीतल्या भोकांतून बाहेर पडतात आणि धडधाकट पुढच्या घराच्या कामाला लागतात, म्हणे. मला तुम्हीच दिसलात. जन्मभर सेंटरिंगचं काम केलंत, स्लॅबखाली फळ्या आणि टेकू लावलेत, स्लॅब धरला की ते काढून खांद्यावर टाकलेत आणि पुढच्या इमारतीकडे चालू लागलात.

आठवीत असताना तुम्ही काम केलेल्या एका उंच इमारतीसमोर मी विचारलं होतं, "यात तुमचं काय आहे?" तुम्ही "काही नाही" म्हणालात आणि हातावरचं सिमेंट खरवडत राहिलात. तेव्हा कळलं नाही. आता कळलंय, आणि फार लाज वाटते.

तुमची भाची,
फडकं

ता. क. : सोमवारी ही चूक मला सगळ्यांसमोर समजावून सांगायची आहे. जमलं तर नोकरी राहील. फळी नेमकी कधी काढायची हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? याच.

ता. क. २ : तुम्ही येताय असं मी आधीच सांगून बसलेय. बाईंनी पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवलीय. येताना एक जुनी फळी आणा, सिमेंट लागलेलीच. मी ती पुसणार नाही.