पाचव्या दिवसाची फाईल

सोमवार, ३ मार्च

डिस्कची पेटी गेली. काल दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली – त्या धक्क्यात. सकाळी खोली उघडली तर सर्व्हर चालू आणि पेटीवर एकही दिवा नाही. करपल्याचा वास.

मी घाबरलो नव्हतो. खरंच नाही. रेकॉर्डिंगच्या खोलीतली ताई धावत आली – "दादा, आवाज कुठे गेले सगळे?" म्हटलं, शांत हो, दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात आपली प्रत रोज संध्याकाळी जाते. मुद्दाम आधी चहा घेतला, मग तिकडे फोन लावला. ऐट!

पलीकडचा भाऊ (चार वर्षं फोनवर बोलतोय, तोंड अजून पाहिलेलं नाही) म्हणाला, "साहेब, फोल्डर आहे. आत काही नाही."

"नीट बघ."

"दोनदा बघितलं. काल संध्याकाळी तुमच्याकडूनच रिकामं आलं. आम्ही रिकामं ठेवलं. आम्ही आज्ञाधारक!"

हसला. मी फोन ठेवून दिला.

एकशे बारा माणसांचे आवाज. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना पुन्हा बोलता येणार नाही, त्यांनी आधी येऊन आमच्याकडे ठेवायला दिलेले. ठेवायला!


मंगळवार, ४ मार्च

कारण सापडलं. कारण मीच.

दोन वर्षांपूर्वी पलीकडची जागा भरत आली होती. इथे पुसलेल्या फायली तिथे तशाच पडून राहायच्या. म्हणून मी प्रत पाठवणाऱ्या रोजच्या आज्ञेत एक शब्द वाढवला – इथे जे नाही, ते तिथूनही काढ. हुबेहूब प्रत. मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं. रविवारी सर्व्हर परत उठला, पेटी उठलीच नाही. संध्याकाळी सहाला प्रत निघाली, इथे पाहिलं – रिकामं. तिने इमानदारीत तिथलंही रिकामं केलं. अकरा मिनिटांत.

आमची वही काढून बघितली. रोज सकाळी हिरवा दिवा पाहून मी लिहितो, "बॅकअप ठीक" आणि सही. दोन वर्षांच्या सह्या. त्या दोन वर्षांत एकदाही पलीकडची एखादी फाईल परत आणून उघडून पाहिली नाही. आमच्या शाळेत गुरुजी फळ्यावरचं उतरवून झालं की विचारायचे, "उतरवलंस ते कळलं. वाचून पाहिलंस का?" आणि ज्याने वाचलं नसेल त्याला बाकावर उभं करायचे. मी फार वेळा उभा राहिलोय. तरी अक्कल आली नाही.

ताईबरोबर बसून यादी केली. बहुतेकांच्या बोलत्या डब्यांत त्यांचे आवाज आधीच भरून दिलेत – बटण दाबलं की त्यांच्याच आवाजात वाक्य येतं. दोघांची शस्त्रक्रिया अजून व्हायचीय, ते पुन्हा येऊन वाचतील. राहिल्या एकट्या बाई. त्यांची शस्त्रक्रिया मागच्या मंगळवारी झाली. डबी जखम भरल्यावर द्यायची असते.

बाईंना पुन्हा वाचायला सांगता येणार नाही.


बुधवार, ५ मार्च

सकाळी देवासमोर बसलो. मागायची लाज वाटली. नुसता बसून उठलो.

दुपारी बाईंचे यजमान ताईकडे आले. त्यांची दृष्टी जवळजवळ गेलीय, भिंतीला हात लावत लावत येतात. बाई शाळेत शिकवायच्या – इथे सगळे त्यांना बाईच म्हणतात – आणि आता पाटीवर लिहून बोलतात. पण पाटी यजमानांना दिसत नाही. म्हणजे एकेचाळीस वर्षांच्या संसारात बाईंचं बोलणं कळत नाही असा माणूस नेमका तोच एक!

"डबी कधी देताय?" त्यांनी विचारलं. "तोवर ती माझ्या तळहातावर बोटाने अक्षरं काढते. मी ढ विद्यार्थी. चुकलो की त्याच हातावर चापट देते."

ताई म्हणाली, "दुखतं का आजोबा?"

"छे गं. मी आता मुद्दाम चुकतो."

मी दारात उभा होतो. आत गेलो नाही.


गुरुवार, ६ मार्च

हिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "माझे बांगड्यांचे डबे हलवता तेव्हा चार वेळा विचारता, हे कुठे ठेवू, ते कुठे ठेवू. तिथे नाही विचारलंत?" टोमणा होता, पण बोलताना पाठीवर हात होता.


शुक्रवार, ७ मार्च

पलीकडच्या भावाचा फोन. "साहेब, तुमची जुनी डिस्क!"

कळलंच नाही आधी. मग आठवलं – मागच्या महिन्यात एकवीस तारखेला सकाळी त्यांच्याकडची आमची डिस्क बदलली, नवी मोठी बसवली. जुनी काढली की तिला भोकं पाडून नष्ट करायची, असा नियम. पण त्याआधी इथल्या माणसाची सही लागते. इथला माणूस म्हणजे मी. तो कागद दोन आठवडे माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये पडलाय, सर्वांत खाली.

"तीन वेळा आठवण केली होती तुम्हाला," भाऊ म्हणाला. "मनात शिव्या पण घातल्या, खोटं कशाला बोलू. आता त्या परत घेतो."

डिस्क त्याच्या कपाटात आहे. जोडली. चालते! आत वीस तारखेपर्यंतचं सगळं आहे.

देवा, तू माझ्या आळसातही हात घालून बसलेला असतोस.

मग तारखा मोजल्या. बाई आवाज द्यायला सतरा ते एकवीस आल्या होत्या. सोमवार ते शुक्रवार, पाच दिवस. डिस्कवर चार आहेत.

पाचवा नाही.


शनिवार, ८ मार्च

दिवसभर फायली इकडे आणतोय. लाईन तीनदा तुटली. प्रत्येक वेळी अर्धवट राहिलं तिथून पुढे. आज कुठलीही आज्ञा चालवण्याआधी तिला सांगतो – आधी नुसतं दाखव काय करणार आहेस, करू नकोस. आणि तो वाढवलेला शब्द काढून टाकला. जागा भरली तर भरू दे.

साडेचारला बाईंचे चारही दिवस आले. दोन्हीकडचे आकडे जुळवले. जुळले. पण आता मी आकड्यांवर विश्वासणारा नाही. ताईला म्हटलं, लाव.

"दार लावा, वारा येतोय." "मला आत्ता भूक नाही." "हे कोणी सांडलं?"

तिसरं वाक्य ऐकताना आम्ही दोघंही नकळत सरळ उभे राहिलो. वर्गात ऐकू जावा असा आवाज. त्यात राग नाही, पण खोटं बोलायची सोयही नाही.

ताई डोळे पुसून म्हणाली, "दादा, पाचव्याचं काय?"

चार दिवस ठरलेली वाक्यं वाचायची – पाणी, औषध, दार, हो, नको. पाचवा दिवस मोकळा. माणसाला बूथमध्ये एकटं बसवायचं, यंत्र चालू करून आपण बाहेर यायचं. काय बोलायचं ते त्याचं त्याने. आम्ही ते ऐकत नाही, तपासतही नाही. ताईनेच हा नियम केलाय आणि ती तो कडक पाळते. म्हणून बाई त्या दिवशी काय बोलल्या हे कुणालाच माहीत नाही. यंत्रातलं कार्ड पुढच्या सोमवारी पुसून दुसऱ्याला वापरलं.

"कार्ड मी पुसलं," ताई म्हणाली.

"तू नियमाने पुसलंस. प्रत माझ्याकडे होती."


रविवार, ९ मार्च

मोठे डॉक्टर काल जाताना म्हणाले होते, "चार दिवस मिळाले ना? पुरे. पाचव्याचं विचारलं तर सांगा, तांत्रिक अडचण."

तेच चघळत बसलोय. तांत्रिक अडचण – हिला ना आई ना बाप, ना गाव. हिला कुणी बाकावर उभं करू शकत नाही. म्हणून ती सगळ्यांना आवडते.

एक मन म्हणतं, बाईंची जखम ओली आहे, कशाला त्रास द्यायचा? नंतर सांगू. पण हे मन माझ्या ओळखीचं आहे. ते स्वतःपुरतंच दयाळू असतं.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "उद्या तो निळा शर्ट घाला. बाईंसमोर जायचंय तर इस्त्रीचं बरं." मी जाणार हे मी तिला सांगितलं नव्हतं.


सोमवार, १० मार्च

गेलो.

बाई खिडकीशी बसल्या होत्या, गळ्याला पट्टी, मांडीवर पाटी. यजमान पलंगाच्या कडेवर. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. वीज, पेटी, माझा तो शब्द, दोन वर्षांच्या सह्या. चार दिवस मिळाले, पाचवा गेला. "तो आता कुठेच नाही, बाई. चूक यंत्राची नाही. माझी आहे."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी एकोणपन्नास वर्षांचा माणूस – हात पाठीमागे बांधलेत हे नंतर लक्षात आलं.

यजमानांचा चेहरा उतरला. "मोकळं बोलायचा दिवस तो?" त्यांनी हळू विचारलं. "माझ्यासाठी काहीतरी ठेवलंय, एवढंच म्हणाली होती. काय ते सांगितलं नाही. म्हटलं, ऐकू की डबी आल्यावर." मग बाईंच्या दिशेला तोंड करून – "काय बोलली होतीस गं?"

बाईंनी पाटी घेतली. लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं आणि माझ्यासमोर धरली. यजमानांना वाचून दाखवा, अशी खूण केली.

मी वाचलं – "काही नाही. बोलायचं खूप ठरवून गेले होते. सुचलंच नाही. तासभर गप्प बसून आले."

यजमान असे हसले की बाहेरून परिचारिका डोकावली. "ही? तासभर गप्प? अहो, एकेचाळीस वर्षांत एवढा एक चमत्कार झाला आणि तेवढाच नेमका पुसलात!"

बाईंनी त्यांच्या हातावर चापट दिली.

मग त्यांनी पाटी पुसून माझ्यासाठी लिहिलं – "बसा. उभे का?"

बसलो. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. सात दिवसांनी पाण्याला चव लागली.


मंगळवार, ११ मार्च

सकाळी देवासमोर बराच वेळ बसलो. काही मागितलं नाही. आभारच एवढे होते.

वहीत नवा रकाना पाडला – "परत आणून, उघडून पाहिलं". आज एक फाईल आणली, उघडली, ऐकली. मग सही.


गुरुवार, १३ मार्च

डॉक्टर जखम बघून म्हणाले, चांगली भरतेय, आत्ताच द्या डबी. दिली.

ताईने बटणं समजावली. बाईंनी ऐकून घेतलं, एकदाच, आणि तिचा हात बाजूला केला – कळलं! यजमान अगदी ताठ बसले होते, फोटो काढायला बसतात तसे. बाईंनी बटण दाबलं.

"हे कोणी सांडलं?"

यजमान दचकून म्हणाले, "मी नाही!"

आम्ही सगळे हसलो. ते मात्र हसले नाहीत. चाचपडत त्यांनी बाईंचा हात शोधला आणि म्हणाले, "परत लाव." बाईंनी लावलं. "परत." पाच-सहा वेळा तेच. जगात कुणी कुणाला इतक्या प्रेमाने हे कोणी सांडलं असं विचारलं नसेल.

निघताना बाईंनी मला थांबवलं, बटण शोधलं, दाबलं – "आता घरी जा, उशीर झाला."


शनिवार, १५ मार्च

घटनेचा अहवाल पूर्ण केला. गेलेल्या फायलींची यादी जोडायची होती, म्हणून एकवीस तारखेच्या संध्याकाळी पलीकडे काय काय गेलं त्याची नोंद काढली. नाव आणि आकार.

आम्ही आवाज दाबून साठवतो. दाबल्यावर शांततेला जागा जवळजवळ लागतच नाही – रिकाम्या बूथचा एक तास चार-दोन फोटोंच्या जागेत मावतो. जागा लागते ती बोलण्याला.

बाईंची पाचव्या दिवसाची फाईल पहिल्या चारही दिवसांच्या फायलींपेक्षा मोठी होती.