बारा वितींची काठी

ता. ३ एप्रिल, शनिवार

ती. आत्या,
सा. न., दुकानातल्या स्टुलावरूनच.

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कसं आहे ते तुला माहीत आहे, त्यात हे मी पावत्यांच्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाईप करतेय. ह्रस्व-दीर्घ चुकेल तिथे तू मनातल्या मनात नीट करून घे. हाताने लिहिलं असतं, पण माझं अक्षर बाबांनाही लागत नाही. आणि फोन तू उचलत नाहीस, तुझे हात सदा पिठात. एवढ्या चार ओळींना अर्धा तास गेला. मधे एक गिऱ्हाईक छत्री घेऊन आलं, मी नेहमीसारखी घंटी वाजवली आणि बाबांना पुढे पाठवलं.

काम असं आहे. नदीवरच्या मासेमारी मंडळाने पाटी लावलीय. रखवालदारांचा गुडघा गेलाय, त्यांना हाताखाली माणूस हवंय. पाण्यावर लक्ष ठेवायचं, टाकीतली माशांची पिल्लं सांभाळायची, काठ साफ ठेवायचा. वय सोळाच्या वर, शाळेचा दाखला नको. मी ती पाटी तीनदा वाचली. दाखला खरंच नको.

पंचवीस तारखेला, रविवारी सकाळी परीक्षा आहे. खोट्या माशीने मासा पकडून दाखवायचा आणि जिवंत परत सोडायचा. तासाभरात ज्याचा मासा मोठा, काम त्याचं. काठी स्वतःची हवी, उसनी चालणार नाही.

आईने तिकडे फोन उचलायच्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकलाय. पुढच्या महिन्यापासून, दिवसाला दीडशे अनोळखी माणसांशी बोलायचं. आत्या, शाळेत धडा वाचायला उभं केलं की माझा आवाज घशातच बसायचा, त्यापायी आठवीनंतर मी गेलेच नाही. आई म्हणते, बोलून बोलून सवय होईल. बाबा म्हणाले, पंचवीसला जमलं तर नदी, नाही तर फोन. आईने मान डोलावली खरी, पण ऑफिससाठी पांढऱ्या शर्टाचं कापड त्याच दिवशी आणलं.

तू मला लहानपणी दोनदा नदीवर नेलं होतंस. दोरी हवेत कशी उलगडते ते मनगटाला अजून आठवतंय. काठी कशी करतात ते मात्र माहीत नाही. लिहून पाठव, सोपं लिही.

माया कमी करू नकोस.
तुझी,
चिमूट

---

ता. ७ एप्रिल, बुधवार

चि. चिमूट,
अ. आ., भट्टीइतके ऊबदार.

तुझं पत्र पावाच्या भट्टीवर सगळ्यांना वाचून दाखवलं. चुका काढल्या नाहीत, त्या दिसायला मी तरी कुठे शाळेत रमले होते. तुझ्या बापाला सांग, मला अजून फावडं म्हणत असेल तर या वर्षीही केक मिळणार नाही.

आता नीट वाच. विकतची काठी विसर. मी त्या नदीवर विकतची कधी नेली नाही. दुकानाच्या माळ्यावर मोडक्या छत्र्यांचा ढीग आहे ना, तुझी काठी त्यातच पडलीय. खालचा भाग बांबूचा, आठ वीत. बागेत वेलींना आधाराला देतात तसला, सरळ आणि खडखडीत वाळलेला. वरचा भाग मोठ्या छत्रीच्या फायबरच्या काडीचा, चार वीत. एकूण बारा वीत, त्यात कमी-जास्त नको. दोन्हींच्या मधे छत्रीच्या दांड्याच्या नळ्या बसव, एकीत एक जाणाऱ्या, म्हणजे काठी दोन तुकड्यांत नेता येते. मुठीला बाटल्यांची बुचं ओव. दोरी जायला सेफ्टी पिनांच्या कड्या कर आणि काळ्या दोऱ्याने बांध, माझ्या पद्धतीने. सात वेढे, एक मोकळा, परत सात.

गळ टाकून बसणाऱ्यांच्यात आणि आपल्यात फरक एवढाच, की आपलं वजन गळाला नसतं, दोरीला असतं. म्हणून दोरी हाताशी जाड आणि टोकाला बारीक लागते. तुझ्या बापाच्या ड्रिलला नायलॉनचे धागे बांधून पीळ दे, पुढे जाशील तसा एकेक धागा कमी कर, मग मेण चोळ. फेकायची दोरी. माशी मागून आपोआप जाते.

माशीसाठी छोटा गळ, धूळ झटकायच्या झाडूतलं पीस आणि काळा दोरा. सुंदर करायला जाऊ नकोस, माशाला किडा हवा असतो, दागिना नको. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाक, म्हणजे सोडताना माशाला इजा होत नाही.

एक सांगून ठेवते. रखवालदाराने विचारलं तरी माझं नाव काढू नकोस. तीस वर्षांपूर्वीचं आहे ते, आणि त्यात तुझ्या कामाचं काही नाही.

जेवत जा. हात बारीक राहिले तर दोरी फेकणार कशाने?
तुझी,
आत्या

---

ता. १८ एप्रिल, रविवार

ती. आत्या,
सा. न. आणि काठीचाही नमस्कार.

झाली. तू सांगितलंस तशी, वीत वीत मोजून. बांबू शेजारच्या फुलवाल्या काकूंनी दिला, बदल्यात त्यांची छत्री फुकट शिवून दिली. फायबरची काडी ज्या छत्रीतून काढली ती वादळात उलटी होऊन आली होती, पण काडीला साधी चीरही नव्हती. बुचं आम्ही तिघांनी मिळून घासली. आई घासताना म्हणाली की मी फक्त हात रिकामे आहेत म्हणून घासतेय, त्याचा वेगळा अर्थ काढू नका.

दोरीला पीळ देताना बाबांच्या शर्टाचं बटण त्यात गेलं. बटणामागून शर्ट निघाला. बाबांना बनियनवर उभं राहून ड्रिल बंद करावं लागलं, आणि नेमक्या त्याच वेळी औषधाच्या दुकानाच्या बाई छत्री न्यायला आल्या. त्या मंडळाच्या अध्यक्ष आहेत हे आम्हाला नंतर कळलं.

रोज पहाटे मागच्या अंगणात सराव करते. माशीच्या जागी बुचाचा तुकडा बांधते आणि बादलीच्या झाकणावर नेम धरते. पहिल्या दिवशी दहातला एक बसला, काल सात. काठी इतकी सोयीची झालीय की काय सांगू. दोन तुकडे करायचीसुद्धा गरज पडत नाही, उभीच्या उभी दुकानाच्या दारातून आत-बाहेर नेते, चौकटीला लागत नाही.

आईचा पांढरा शर्ट शिवून झाला. कॉलर इतकी कडक आहे की मान वळत नाही. तो माझ्या खाटेसमोर टांगलाय, सकाळी डोळे उघडले की आधी तोच दिसतो.

पत्राची वाट बघते, आळस करू नकोस.
तुझी,
चिमूट

---

ता. २१ एप्रिल, बुधवार

चि. चिमूट,
अ. आ. घाईघाईत.

तुझं पत्र वाचता वाचता माझ्या हातातला पाव खाली पडला. त्या दारातून काठी उभी जाते म्हणतेस? मी त्याच घरात वाढले. माझी काठी त्या दारातून कधी उभी गेली नाही, आडवी करून न्यावी लागायची आणि दर वेळी तुझ्या बापाला लागायची.

मग लक्षात आलं. मी वीत म्हणाले ती माझी वीत. तुझा बाप मला फावडं म्हणतो ते उगाच नाही. सोबतच्या कागदावर माझा पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवलीय. त्यावर तुझा हात ठेवून बघ. बारा वितींत तुझी काठी माझ्या काठीपेक्षा चांगली दोन फूट आखूड झाली असणार. चूक माझी. पीठ मापाने घेणारी बाई मी, आणि तुला हाताने मोजायला सांगितलं.

आता नवी करायला जाऊ नकोस. सरस धरायलाच दोन दिवस जातात आणि ओल्या सांध्याची काठी पहिल्या माशालाच दगा देते. आहे तीच ने. आखूड काठीने लांब जाणार नाही, त्या नादाला लागू नकोस. गुडघ्यावर बस, हात खाली घे आणि दोरी पाण्याला समांतर, आडवी फेक. जवळचा मासा बघ. हे पत्र पोचेल तेव्हा दोन दिवस उरतील, तेवढंच घटवून घे.

आणि पांढरं घालून जाऊ नकोस. माशांना काठावरचं पांढरं लांबून दिसतं.

मला झोप लागणार नाही, ते असू दे. माझ्यावर रागावलीस तरी पत्र लिही.
तुझी चुकलेली,
आत्या

---

ता. २६ एप्रिल, सोमवार

ती. आत्या,
सा. न., या वेळी उभं राहून.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. बाबांनी जेवताना मोठ्याने वाचलं. तुझ्या पंजावर मी माझा हात ठेवला तर तुझ्या बोटांची पहिली पेरं बाहेर राहिली. बाबा हसले, मग माझं तोंड बघून थांबले. मी माळ्यावर जाऊन मोडक्या छत्र्यांत बसून रडले. मग खाली आले आणि अंधार पडेपर्यंत गुडघ्यावर बसून आडवी दोरी फेकली. शनिवारी गुडघ्यांना उशीचे तुकडे बांधून परत तेच.

रविवारी सकाळी उठले तर समोर पांढरा शर्ट नव्हता. तो बाहेर दोरीवर होता, शेवाळासारखा हिरवा, ठिबकत. आईने रात्रीतून बादलीत रंग कालवून बुडवला होता. मी बघतच राहिले तेव्हा म्हणाली, फोनवरून शर्टाचा रंग कुणाला दिसतो? मी तो ओलाच घातला. बादली अजून हिरवी आहे, आईचे हातही.

आम्ही सहा जण होतो. बाकीच्यांच्या काठ्या लांब, चकचकीत. दातांच्या डॉक्टरांच्या मुलाची तर चामड्याच्या नळीतून निघाली. त्याने माझी काठी बघून विचारलं, पाऊस आला तर उघडते का ही? सगळे हसले. मी खाली बघून दोरी कड्यांतून ओवत राहिले.

मग जागांच्या चिठ्ठ्या काढल्या. माझ्या वाट्याला सहा नंबर आला, लाकडी साकवाखालचा. तिथे फळ्या पाण्याच्या अगदी जवळ आहेत आणि दोन्ही काठांची झाडं वाकून आत शिरलीत. लांब काठी तिथे वर उचलताच येत नाही. औषधवाल्या बाई म्हणाल्या की हवी तर मला परत चिठ्ठी काढू देऊ. मी मान हलवली, नको म्हणून. आत्या, मी ती जागा बघितली आणि मला वाटलं की ही जागाच कुणीतरी माझ्या वितीने मोजलीय.

बाकीचे उन्हात उघड्या पाण्यावर दोऱ्या फेकत होते. सुंदर जायच्या, लांबच्या लांब. ऊन चढलं तसे मासे मात्र सावलीला सरकले, आणि सावली माझ्याकडे होती. मी गुडघ्यावर बसले. पहिल्यांदा दोरी फांदीला अडकली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा हात इतका खाली घेतला की बोटं गवताला लागली, आणि दोरी फळ्यांखालून सरळ आत गेली. तुझी ती कुरूप माशी काळोखात जाऊन टेकली. मी एक, दोन, तीन मोजलं आणि पाणी फुटलं.

काठी वाकून गोल झाली. आता मोडते, आता मोडते असं वाटलं, पण ती काडी वादळातून आलेली. मासा साकवाच्या खांबाकडे पळाला की मी आडवी होऊन त्याला परत वळवायची. लांब काठी फळ्यांवर आपटून तुटली असती. किती वेळ गेला माहीत नाही. जाळीत आला तेव्हा माझ्या वितीने पूर्ण तीन भरला. तुझ्या वितीने सव्वादोनच्या थोडा वर. दोघींच्याही मापाने मोठाच. ओल्या हाताने धरला, माशी सहज निघाली, आणि तो हातातून निघून गेला.

बाकीच्यांपैकी दोघांनाच एकेक मिळाला होता, वीतभराचे.

रखवालदार काठी टेकत आले आणि माझी काठी हातात घेऊन कड्यांवरचा दोरा मोजायला लागले. सात, एक, सात. मग सगळ्यांसमोर विचारलं की हे कुणी शिकवलं. साकवावर पंधरा-वीस माणसं होती. आई होती, बाबा दुकान बंद करून आले होते. तू नाव काढू नकोस म्हणाली होतीस. पण ते नुसते बघत उभे राहिले आणि मला गप्प राहणं बरोबर वाटेना.

मी म्हणाले, माझ्या आत्याने सांगितली, मी केली. बारा वीत आहे, पण माझ्या हाताने.

आवाज साकवाच्या पलीकडे गेला. मला स्वतःला ऐकू आला.

ते काठावरच्या खोक्यावर बसले. म्हणाले, तीस वर्षांपूर्वी अशीच परीक्षा झाली होती. एका मुलीने दोन मासे काढले आणि त्यांनी एक. मंडळाने त्यांनाच ठेवलं, पुराच्या पाण्यात बाईमाणूस काठ कशी फिरणार म्हणून. ते तेव्हा गप्प बसले, कारण त्यांना काम हवं होतं. हे त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग मला म्हणाले, हे तुझ्या आत्याला लिही, काम तिचं होतं. गुडघा धड झाला की तुझ्या भट्टीवर पाव घ्यायला येणार आहेत. येऊ द्यायचं की नाही ते तू ठरव. मी नाव काढलं त्याची माफी मागते, पण फार मागत नाही.

एक तारखेपासून मी नदीवर. आईने फोनच्या ऑफिसला स्वतः फोन करून नाही कळवलं. दातांच्या डॉक्टरांच्या मुलाने संध्याकाळी दुकानात येऊन विचारलं की असली काठी त्याला करून मिळेल का. मी त्याचा पंजा कागदावर उतरवून घेतलाय.

तुझ्या पंजाचा कागद मी काठी टांगलीय त्याच खिळ्याला लावलाय. सोबत माझाही पाठवते, भट्टीवर लाव. माया आहे तेवढी राहू दे, वाढली तरी चालेल.
तुझी,
चिमूट

ता. क. बाबांनी आज सकाळी मिशी काढली. कारण सांगत नाहीत. गिऱ्हाईकं येऊन विचारतात की मालक कुठे गेले, आणि दर वेळी मलाच सांगावं लागतं, हेच ते.