पालखीला शिवलेली मेडलं

९ जाने.
ग्रा.पं.त मीटिंग. गावच्या सैनिकांच्या नावांचा दगड बसवायचा ठरला, काळा ग्रॅनाइट, शाळेसमोर, १ मेला. कोरायचं काम माझ्याकडे. गावातलाच माणूस आणि रत्नागिरीत नेमप्लेटचं दुकान, म्हणून. प्रत्येक नावाखाली त्या माणसाची मेडलं. सीताराम हवालदारांचा पुतण्या म्हणाला, आमच्या काकांना एक मोठं मेडल होतं, तेही टाका. कसलं मेडल? तर "मोठं."
उभा राहिलो आणि सांगितलं, ज्याच्या त्याच्या डिस्चार्ज बुकात जे लिहिलंय तेच दगडावर येईल. एक अक्षर जास्त नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, सरपंचांनी इतिवृत्तात घेतलं. समाधान वाटलं. कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

१० जाने.
आप्पांचं बुक उघडलं.
एकच नोंद. सैन्य सेवा मेडल. संपलं.
माझे वडील एकाहत्तरला पश्चिम सीमेवर होते. पोटरीत छर्रा अजून आहे, थंडीत जास्तच लंगडतात. संग्राम मेडल नाही, पश्चिमी स्टार नाही. ही दोन तर त्या आघाडीवर असलेल्या सगळ्यांना मिळाली. सीताराम हवालदारांच्या बुकात दोन्ही आहेत. त्यांच्या नावाखाली चार ओळी येणार, त्याच्याच खाली आप्पा, एका ओळीवर.
आप्पांना विचारलं. अंघोळ करून पोह्यांची वाट बघत बसले होते.
"मिळाली होती की. सायबानं हातात दिली, परेडीला. मग पलटण हलली, कारकून बदलला. नसंल लिवलं त्यानं."
"आणि तुम्ही बघितलं नाही?"
"घरी जायचं होतं रं. बुक कोण वाचतो?"
मी वाचतो. पण त्या वेळी मी जन्मलो नव्हतो.

१४ जाने.
सैनिक ऑफिस. तिथे एक रिटायर्ड सुभेदारसाहेब बसतात, भला माणूस. म्हणाले, पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, हा घ्या छापील नमुना, गाळलेल्या जागा भरा. नमुना वाचला. "kindly do the needful" दोनदा. शेवटच्या परिच्छेदाला क्रियापदच नाही.
म्हटलं, मी माझा लिहितो.
"लिहा. पण जाईल नमुनाच."
माझं इंग्रजी मी स्वतः मिळवलेलं आहे. दहावीनंतर शाळा सुटली, डिक्शनरी सुटली नाही. कुणाचा उसना अर्ज माझ्या वडिलांसाठी वापरणार नाही.

१९ जाने.
अर्ज तयार. चार पानं. प्रस्तावना, घटनाक्रम, मुद्दे, निष्कर्ष. शोभाला वाचून दाखवला. ती कोळंबी सोलत होती. "छान आहे. ते वाचतील का एवढं?" या बाईला कौतुक असं सरळ कधी जमलेलं नाही.
रजिस्टरनं पाठवला.

११ फेब्रु.
रे.ऑ.चं उत्तर. अर्ज विहित नमुन्यात नसल्यामुळे परत. माझी चार पानं, घडीसुद्धा मोडलेली नाही. वाचलीच नाहीत.
सुभेदारसाहेबांकडे गेलो. त्यांनी ड्रॉवरमधून नमुना काढला. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. गाळलेल्या जागा भरल्या. क्रियापद मात्र घातलं.

२५ फेब्रु.
या वेळी उत्तर लवकर. त्या वर्षीची वाटपाची यादी सहज सापडत नाही. मेडलं मिळाली असतील तर त्यांच्यावर कोरलेला नंबर व नाव यांचा स्पष्ट फोटो पाठवावा.
हे ठीक आहे. हे मला कळतं. फौजेच्या मेडलाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव ठोकलेलं असतं. कागद हरवतो, धातू हरवत नाही.
आप्पांना म्हटलं, मेडलं द्या.
"नायत."
"कुठे गेली?"
"देवीची हायत."
तेव्हा सगळं बाहेर आलं. लढाई लागली तेव्हा आजीनं ग्रामदेवीला नवस केला होता, पोरगा हातीपायी धड परत आला तर तुझ्या पालखीला रुपं, म्हणजे चांदी, घालीन. पोरगा आला. रुपं आणायला घरात काही नव्हतं. मग आप्पांनी छातीवरची दोन्ही मेडलं काढून दिली आणि गुरवानं पालखीच्या लाल वस्त्रावर शिवली.
लहानपणापासून त्या पालखीला खांदा देतोय. चांदीच्या छत्र्या, नाणी, चांदण्या. त्यातली एक चांदणी आप्पांचा स्टार. मी, जो दुसऱ्याच्या पाटीवरचा अर्धा मिलिमीटर पकडतो, त्याला हे दिसलं नाही.
"कधी बोलला नाहीत?"
"देवीला दिलेलं काय सांगत सुटायचं?"

२ मार्च
गावी. बाबू गुरवाला सांगितलं, फक्त फोटो. पालखीच्या वस्त्राची पेटी उघड, दोन मिनिटांत काढतो.
तो म्हणाला, पेटी शिमग्याशिवाय उघडत नाही. तेव्हाही कडा दिसणार नाही, कडेवरूनच टाके घातलेत. टाके उसवायचे तर देवीला विचारायला हवं.
"मग विचार."
गाभाऱ्यात बसला. देवीच्या दोन्ही अंगाला ओल्या कळ्या लावल्या. शब्द मी सांगितले, त्यानं गाऱ्हाणं घातलं: मेडल काढू का? डावी कळी पडली. म्हणजे नाही.
मी म्हटलं, ओली कळी आहे, पडणारच कुठली तरी.
"तू विचारलंस कसं ते बघ," बाबू म्हणतो. "काढू का म्हटलंस. दिलेलं काढायला ती हो कशी म्हणंल? शिमग्याला नीट शब्दांत विचारू."
म्हणजे इथेही नमुना आहे. रेकॉर्ड ऑफिस परवडलं. तिथे निदान छापील मिळतो.

८ मार्च
शोभाचा सल्ला: "दगड तुम्हीच कोरताय. कोरा की तीन ओळी. आप्पा लढले हे काय खोटं आहे?"
खोटं नाही. पण नियम मी केला. सीताराम हवालदारांच्या पुतण्याचं "मोठं" मेडल मी सगळ्यांदेखत उडवलं. आता घरचं आलं की नियम सैल?
"मग नका कोरू," म्हणाली. वर, "आप्पांना काही पडलेलं नाही. पडलंय तुम्हाला."
आप्पांना पडलेलं आहे. काल पेपर वाचता वाचता विचारत होते, दगडावर माझं नाव सीतारामाच्या वर की खाली. विचारून लगेच पान उलटलं.

१७ मार्च
पालखी घरी आली. गावचं घर चार दिवसांपूर्वी उघडून सारवलेलं. शोभानं ओटी भरली. आप्पा लंगडत पुढे झाले, पालखीच्या दांड्याला हात लावून उभे राहिले. ढोल थांबेपर्यंत हात काढला नाही.
मग बाबूनं तिथेच ओटीवर गाऱ्हाणं घातलं. शब्द नवे: टाके उसवतो, नाव वाचतो, तुझ्यासमोर परत शिवतो, घराबाहेर नेत नाही. उजवी कळी पडली. म्हणजे हो.
माझ्या अंगावर काटा आला, हे इथे लिहून ठेवतो. कुणाला सांगणार नाही.

त्याच दिवशी, पुढे.
टाके मी उसवले. संग्राम मेडल हातात घेतलं. भिंग लावलं.
कड गुळगुळीत.
दर शिमग्याला गुरवाच्या घरच्या बायका चिंच आणि राखेनं पालखीचं सगळं रुपं घासतात, लखलखीत. आप्पांनी दिलं तेव्हापासून घासतायत. स्टारच्या मागचं तर पूर्ण गेलं. मेडलाच्या कडेवर नंबरातले शेवटचे तीन आकडे आणि नावाचा पहिला तुकडा, बाकी नुसत्या सावल्या. बाबूची बायको शेजारी उभी, कौतुकानं म्हणते, "बघा भावजी, कसं नव्यासारखं ठेवलंय."
बरं ठेवलंय, म्हटलं.

बाबू आणि पालखीचे गडी मागल्या पडवीत जेवायला बसले. माझ्या हत्यारांच्या पेटीत आकडे ठोकायचे पंच होते. मापही जवळपास तेच. नंबर मला पाठ आहे. जिथे आकडा होता तिथेच आकडा, सावलीवर सावली. खोटं काय त्यात? कुठल्याही साहेबाला कळलं नसतं. पंच हातात घेतला.
आप्पा झोपाळ्यावरून बघत होते.
"बाळ्या, नीट बघून मार हां. नायतर सीतारामाचा नंबर पडंल, नि पाचवं मेडल पण त्यालाच."
आणि हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.
पंच ठेवून दिला. कडेत खडूची पूड भरली, तिरका टॉर्च धरून फोटो काढले. तीन आकडे दिसतात. बाकीचं ज्याला बघायचंय त्याला दिसतं. बाबूनं हात धुऊन दोन्ही परत शिवली. सैल टाके घाल म्हणून सांगितलं, तर त्यानं दुहेरी घातले.

२१ मार्च
फोटो रवाना. सोबत नमुना. नमुन्याखाली माझ्या चार ओळी: कड का झिजली त्याचं कारण. "polished annually by devotees." सुभेदारसाहेब म्हणाले, हे काढा, गोंधळतील. काढलं नाही.

१२ एप्रिल
काही नाही. फोन केला. दुसऱ्या सेक्शनला करा. केला. पहिल्या सेक्शनला करा. माझं हिंदी अशा वेळी फार सभ्य होतं, त्याचा काही उपयोग होत नाही.

२३ एप्रिल
दगड कोरून झाला, एक जागा सोडून. सीताराम हवालदार, चार ओळी. आप्पा, एक ओळ आणि खाली दोन ओळींची मोकळी जागा. सगळी मांडणी बिघडली. दुसऱ्या कुणी असा दगड करून आणला असता तर मी दुकानाच्या पायरीवरून परत पाठवला असता.
सरपंच बघून गेले. "हे भोक कसलं?" मी म्हटलं, नोंद यायची आहे. "मग कोरून टाका, येईलच." येईल तेव्हा. "१ मेला आमदार येणार, त्यांना काय सांगू?" सांगा, नोंद यायची आहे.
पुतण्या पण आला होता. दगडावर बोट फिरवलं, आमच्या ओळीवर थांबला. "आप्पांना एकच?" मग हळूच, "नियम तुमचाच, भाऊ."
टोमणा नव्हता बहुतेक. म्हणूनच जास्त लागला.

२६ एप्रिल
आप्पांना दगड बघायला दुकानात आणलं. चष्मा पुसून वाचला, वरपासून खालपर्यंत, गेलेल्या प्रत्येकापुढे थोडं थांबत. स्वतःच्या नावाशी आले. मोकळ्या जागेवर तळहात ठेवला.
"गार लागतंय," म्हणाले.
मग चहा मागितला.

२९ एप्रिल
सकाळी रे.ऑ.चा फोन, त्यांच्याकडून. कुणी हवालदार, आवाज तरुण. फोटो मिळाले. तीन आकड्यांवरून जुन्या याद्या काढून बघतोय, आहेत, पण गठ्ठे फार, क्रमाने होईल. ते devotees काय प्रकरण, तेही त्यानं विचारलं. सांगितलं. मग म्हणाला, "हमारे गाँव में भी ऐसा ही करते हैं."
मी विचारलं, कधीपर्यंत?
त्याच्यासमोर रकाना होता बहुतेक. "जवान हयात हैं?"
आप्पा समोर बसून आंबा चोखत होते, बाठा वाटीत ठेवत म्हणाले, "कोण रं?"
हयात हैं, म्हटलं. पुढे सांगायचं होतं, म्हणूनच लवकर बघा. चार पानं लिहिणारा मी, एवढं वाक्य आप्पांसमोर तोंडातून निघेना. तो थांबला होता. ऐकू येत होतं, तो थांबलाय.