पटावरचं नाव

मास्तर, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. आज मी शिकवतो त्या अकोल्याच्या शाळेत हुकूम आला, की मुलांना पटावरच्या नावानंच हाक मारावी, घरचं नाव शाळेत चालणार नाही. तेव्हापासून तुम्हीच डोळ्यांपुढे आहात. हुकूम चांगला की वाईट, मला ठरवता येत नाही.

अमेरिकेतल्या लढाईमुळं कापसाला भाव आला, म्हणून बापानं मला अमरावतीच्या सरकारी शाळेत घातलं. पटावर तुम्ही पत्रिकेतलं नाव लिहिलंत. दुसऱ्याच दिवशी आई वेचणी सोडून आली, लुगड्याला कापूस चिकटलेला, आणि दाराबाहेर उभी राहिली. "मास्तर, त्याले त्या नावानं हाक नका मारू. त्याच्या पह्यले तीन लेकरं गेली मायी. चांगलं नाव घेतलं का देव नेते. दगड्याच म्हना." तुमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. नियम आहे, असं तुम्ही परोपरीनं समजावलंत, ती हलेचना. शेवटी बरं म्हणालात, आणि वर्षभर मला दगडू म्हणत राहिलात.

मग शाळाखात्याचे साहेब तपासणीला येतात. स्वतः पट हातात घेऊन नावं वाचतात. माझं नाव येतं. मी खाली बघतो. ते पुन्हा वाचतात. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवतं. याला स्वतःचं नाव ठाऊक नाही, तर वर्षभर शिकवलं काय, असं साहेब तुम्हाला सगळ्यांदेखत विचारतात. तुम्ही एवढंच म्हणता, "चूक माझी आहे. मी त्याला त्या नावानं कधी हाकच मारली नाही."

महिन्याभरात तुमची बदली मोर्शीकडच्या एका खेड्यात झाली. निघताना तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून, तुझा दोष नाही, म्हणालात. त्याच उन्हाळ्यात तिकडं पटकीची साथ आली आणि तुम्ही गेलात. आई म्हणाली, "पाह्य, नाव घेतलं आन् कोनाले तरी नेलंच." मी तिच्याशी भांडलो, पण त्या रात्री जेवलो नाही.

आईला मला जगवायचं होतं, तुम्ही तिचं ऐकलंत, साहेबांनी नियम पाहिला. यात चुकलं कोण? उद्या पट वाचताना मी काय करीन, तेही सांगता येत नाही.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहितो. साहेबांनी वाचलेलं नाव माझं आहे, हे मला माहीत होतं. आईच्या धाकानं गप्प बसलो, असं मी इतकी वर्षं मानत आलो. पण त्या सकाळी पाढा चुकला म्हणून तुम्ही मला छडी मारली होती, आणि साहेबांनी दुसऱ्यांदा नाव वाचलं तेव्हा माझा तळहात अजून चुरचुरत होता.