दुखण्याआधी बसावे

मेलवीथी, तंजावूर
१२ मार्च १९९६

प्रिय अक्का,

साष्टांग नमस्कार. सात वर्षांनी माझे अक्षर पाहून तुझ्या छातीत धस्स होईल, म्हणून क्षेम आधी सांगतो. मी आणि राजम कुशल आहोत. वाईट बातमी कोणतीही नाही. ओरत्तनाडूच्या तुमच्या घरात देवनागरी वाचणारी तू एकटीच. नातवंडे मराठी ऐकतात आणि उत्तर तमिळमध्ये देतात, हे मी जाणून आहे. त्यामुळे एरवी लिहिले नसते तेही मोकळेपणाने लिहितो.

माझे गुडघे गेले. दोन वर्षांपूर्वी उजवा, मागोमाग डावा. गोळ्या घेतल्या, त्यांनी जठरात व्रण केला, आणि डॉक्टरांनी त्या कायमच्या बंद केल्या. मग मी माझ्या पद्धतीने वागलो. ज्या दिवशी दुखत नाही त्या दिवशी पाय समर्थ आहेत, असे धरून सगळी कामे एकदम उरकायची: बँक, वाचनालय, मोठ्या देवळाची प्रदक्षिणा. त्यानंतर तीन दिवस अंथरूण. चौथ्या दिवशी बरे वाटले की पुन्हा तेच. राजम म्हणे, "तीस वर्षं कॉलेजात पोरांना तर्क शिकवलात, तुमच्या गुडघ्यांना मात्र तो कळेना." 

शेवटी रुग्णालयात व्यायाम शिकवणाऱ्या अखिला नावाच्या मुलीकडे गेलो. तिने मला खुर्चीत बसवून पाय सरळ उचलायला लावले, संध्याकाळी शेक घ्यायला सांगितले, आणि मग म्हणाली, "सर, दुखायला लागल्यावर बसू नका. दुखायच्या आधी बसा." मी विचारले, जे अजून घडलेलेच नाही, त्याच्या आधीचा क्षण ओळखायचा कसा? ती हसली. "ओळखूच नका सर. घड्याळ बघा. पाच मिनिटं चाला, बसा, पुन्हा चाला. बऱ्या दिवशी त्याहून जास्त नाही. वाईट दिवशी थोडं कमी, पण शून्य नाही." वाद घालायला माझ्याजवळ दोन मुद्दे तयार होते. ते मांडले नाहीत, कारण हे सारे मी पूर्वी पाहिले होते, आपल्याच गल्लीत.

आमच्याकडे राहत होतीस तेव्हा, गुडघ्यांची तक्रार असूनही, तू देवळाकडे निघायचीस ती वडिलांनी शिकवलेले ते पद गुणगुणत. पद संपले की जिथे असशील तिथे, ज्याच्या त्याच्या घरापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, बसायचीस. त्या घरच्या बाईशी दोन शब्द बोलायचीस, आणि पद पुन्हा पहिल्यापासून धरून उठायचीस. बसताना तुझा चेहरा हसरा असे. त्या हसऱ्या चेहऱ्यावरून मी अनुमान केले. जेवताना, राजमच्या देखत, मी तुला म्हणालो की ज्याचे दुखते तो कण्हत बसतो; तू हसत बसतेस, म्हणजे तुझे दुखत नाही; तुला केवळ गप्पांची हौस आहे. पुढचे वाक्यही मला आठवते, आणि ते लिहून काढणे माझे कर्तव्य आहे: प्राध्यापकाची बहीण भिकारणीसारखी लोकांच्या दारांत बसते. तू ताटावरून उठली नाहीस. एवढेच म्हणालीस, "जिंकलास हो श्रीनू. आता मला बसायला जागा तेवढी दे." दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तू मुलाकडे गेलीस.

माझ्या अनुमानातला दोष आता सांगतो. तू वेळेवर बसत होतीस म्हणून दुखत नव्हते. आणि दुखत नाही हे पाहून मी ठरवले की बसण्याचे कारण नाही. छत्रीखालचा माणूस कोरडा पाहून पाऊस पडतच नाही असे म्हणावे, तसे ते होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे लिहिले असते तर मी त्याला नापास केले असते.

आता मीही ते पद म्हणतच चालतो; तेही पाच मिनिटांचेच भरते. घड्याळ बघायला चष्मा लागतो, पदाला लागत नाही. गळा माझा कसा आहे ते तू जाणतेस. अडचण निघाली ती वेगळीच. गल्लीत बसायला जागा उरलेली नाही. तिण्णै फोडून कुणी झेरॉक्सचे दुकान काढले, कुणी केबलवाल्याला जागा दिली. कोपऱ्यावर भुवना नावाच्या बाईचे एसटीडी बूथ आहे. तिने एक दिवस विचारले, "तात्ता, रोज मंत्र म्हणत येता का?" मी म्हणालो, मंत्र नव्हे, घड्याळ आहे. तेव्हापासून मी दिसलो की ती फोनवरच्या गिऱ्हाइकाला उठवून माझ्यासाठी स्टूल मोकळे करते. खोटा दावा करणार नाही. वेदना गेलेली नाही. पण दीपावलीपासून एकही दिवस अंथरुणात गेला नाही, आणि मोठ्या देवळापर्यंत मी सहा पदांत पोहोचतो.

आता या पत्राचे कारण. गल्लीतली पहिली तिण्णै मी फोडली होती, तू गेलीस त्याच वर्षी. आपल्या दारात कुणी बसू नये म्हणून. वादात हरलेल्याने आपली हार स्पष्ट शब्दांत सांगावी, असा नियम मी आयुष्यभर शिकवला. ती इथे सांगतो: अक्का, तू बरोबर होतीस आणि मी चूक होतो. पण तू शब्द मागितले नव्हतेस, जागा मागितली होतीस. म्हणून गेल्या महिन्यात गवंडी बोलावला. "सगळे फोडायला बोलावतात सामी, तुम्ही बांधायला?" असे त्याने तीनदा विचारले. नवी तिण्णै जुनीपेक्षा उंच आहे, कारण खालून उठताना गुडघ्यांवर भार येतो. माप इथे राहिलेल्या तुझ्या लाकडी खुर्चीचे घेतले. टाउन बसने कोपऱ्यावर उतरलीस की भुवनाचे स्टूल आहे; तिला सांगून ठेवले आहे. तिथून घर बरोबर एका पदावर. चुना वाळून आठ दिवस झाले. राजम रोज म्हणते, बसून तर बघा. मी बसलेलो नाही. आधी तू बस.

तुझाच धाकटा,
श्रीनू